ब्राउझरमध्येच लाइव्ह एफएफटी: अंतराच्या सेन्सरवरून कंपनं मोजताना

भौतिकवाला_नागपूर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी नागपुरात अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनासाठी मुलांकडून सरल आवर्त गतीचा असा प्रयोग करून घ्यायचा आहे, की वजन खाली-वर होत असतानाच त्याची वारंवारता पडद्यावर उमटली पाहिजे. प्रयोगवहीत स्टॉपवॉच घेऊन वीस दोलनं मोजणं वर्षानुवर्षं चालत आलंय, तेही राहीलच. पण दोलन चालू असताना आलेखात एक टोक हळूहळू उभं राहताना पाहणं ही वेगळीच गोष्ट आहे. मुलं अक्षरशः खुर्च्या सोडून पुढे येतात.

प्रयोगशाळेतल्या संगणकांवर नवीन काही टाकायचं म्हटलं की परवानग्या आल्या. क्रोम मात्र प्रत्येकावर आहे. म्हणून सगळा डोलारा एका वेबपानात बसवलाय. व्हीएल५३एल०एक्स हा अंतर मोजणारा लेझरचा सेन्सर, आर्डुइनो नॅनो हा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड, यूएसबीची वायर, आणि पानात वेब सिरियल (यूएसबीवरून येणारी माहिती पानाला थेट वाचू देणारी ब्राउझरची सोय). सामान सगळं सीताबर्डीत मिळालं. सेन्सर टेबलावर वर तोंड करून ठेवलाय. त्याच्या डोक्यावर स्प्रिंगला २०० ग्रॅमचं वजन टांगलंय आणि वजनाच्या बुडाला पांढरा पुठ्ठा चिकटवलाय. पान शेवटचे २५६ नमुने घेतं, त्यांची सरासरी वजा करतं, हॅन विंडो लावतं (रांगेची दोन्ही टोकं हळूहळू शून्यावर आणतं) आणि एफएफटी, म्हणजे कुठली वारंवारता किती आहे त्याचा हिशेब, काढून कॅनव्हासवर रेखाटतं. टोक नेमकं वाचायला सगळ्यात उंच खाना (वारंवारतेचा एक कप्पा) आणि त्याच्या शेजारचे दोन यांवर पॅराबोला बसवतो.

अडलंय ते इथे. स्टॉपवॉचनं २० दोलनांना १६ सेकंद लागतात, म्हणजे १.२५ हर्ट्झ. पान मात्र १.४५ दाखवतं. वजन बदललं तरी पानाचा आकडा त्याच प्रमाणात जास्त येतो. सेन्सर हाय-स्पीड मोडमध्ये, २० मिलिसेकंदांच्या टायमिंग बजेटवर आहे, म्हणून पानात सॅम्पलिंग ५० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ५० नमुने, धरलंय. शिवाय टोकाचा पायथा अधूनमधून पसरतो, विशेषतः संगणकावर दुसरं काही चालू असलं की. कुठे पाहू?

वेबवाली_धंतोली

सर, चूक तुमच्याच आकड्यांत दिसतेय. ५० गुणिले १.२५ भागिले १.४५ करा. ४३.१ येतात. म्हणजे सेन्सर सेकंदाला ५० नाही, ४३ वाचनं देतोय, दर २३ मिलिसेकंदांनी एक. २० मिलिसेकंद हे फक्त मोजणीचं बजेट. त्यावर आय-टू-सीची (सेन्सर आणि बोर्डामधल्या तारांवरची) देवघेव आणि सिरियलवर ओळ छापायचा वेळ चढतो. एकेक वाचन मागून घेत असाल तर आधीचं पुरं झाल्याशिवाय पुढचं सुरूच होत नाही. बॉड रेट (सिरियलवर माहिती जाण्याचा वेग) किती आहे? ९६०० वर सेकंदाला ९६० अक्षरं जातात, चौदा अक्षरांच्या ओळीला १४-१५ मिलिसेकंद लागतात. ११५२०० केलंत तर तीच ओळ सव्वा मिलिसेकंदात जाते.

आता पसरणारा पायथा. ओळ ब्राउझरमध्ये पोचते तेव्हाची वेळ तुम्ही कुठे वापरता का? परफॉर्मन्स.नाऊ वगैरे, ब्राउझरचं घड्याळ? ती वापरू नका. यूएसबी-सिरियल चिप आणि ड्रायव्हर माहिती गठ्ठ्यानं देतात. एफटीडीआय चिपचा लेटन्सी टायमर (माहिती किती वेळ साठवून ठेवायची ते ठरवणारा) मुळातच १६ मिलिसेकंदांवर असतो, बाकी चिपांचे आपापले प्रकार. पोस्टमन तीन पत्रं एकदम टाकून गेला म्हणून ती एकाच दिवशी लिहिलेली नसतात. तारीख पत्रावरची पाहायची. तसंच इथे वेळेचा शिक्का आर्डुइनोनं, वाचन घेतल्याक्षणी मारायचा.

भौतिकवाला_नागपूर

वा! ४३.१ कागदावर मांडल्यावर वजनांचे सगळे आकडे एका रांगेत बसले. बॉड रेट ११५२०० च आहे, वाचन मात्र एकेक मागून घेतो. आता मायक्रोज() ची वेळ (बोर्ड सुरू झाल्यापासूनचे मायक्रोसेकंद) आणि मिलिमीटरमधलं अंतर असं स्वल्पविरामानं छापतोय:

८१२०४४८,२४१
८१४३६५२,२४६
८१६६८४४,२५२
८१९००५६,२५७

फरक बघा: २३२०४, २३१९२, २३२१२ मायक्रोसेकंद. तुम्ही म्हणालात तेच २३ मिलिसेकंद. आणि सगळे आकडे चारनं भाग जाणारे, कारण नॅनोवर मायक्रोज() चारच्या पायरीनं चढतो. मुलांना हे फार आवडलं.

जुना_डीएसपी

धागा आवडला. अनेक वर्षं सिग्नल प्रोसेसिंग शिकवलं आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

एफएफटीला वेळ कळत नाही. तिला फक्त आकड्यांची रांग दिसते आणि दोन आकड्यांमधलं अंतर सारखं आहे असं ती गृहीत धरते. आडव्या अक्षावरचे हर्ट्झ आपण बाहेरून चिकटवतो. सॅम्पलिंगचा दर चुकला की संपूर्ण अक्ष ताणला किंवा आवळला जातो आणि टोक मात्र तितकंच टोकदार, तितकंच खात्रीचं दिसत राहतं. म्हणून दर गृहीत धरू नये, मोजावा. २५५ भागिले शेवटच्या आणि पहिल्या शिक्क्यातला सेकंदांमधला फरक, इतकं सोपं आहे.

नमुने थोडे मागेपुढे पडत असतील तर समान अंतराच्या जाळीवर रेषीय इंटरपोलेशननं (शेजारच्या दोन नमुन्यांमध्ये सरळ रेषा धरून) पुन्हा बसवा. तुमच्या चढउतारांना तेवढं पुरतं. मधल्या ओळीच गळत असतील तर लोंब-स्कार्गल पद्धत आहे. लोंब यांनी ती १९७६ मध्ये आणि स्कार्गल यांनी १९८२ मध्ये मांडली. खगोलशास्त्रात ढगाळ रात्री निरीक्षणं बुडतात, त्या तुटक नोंदींतून ताऱ्यांची आवर्तनं काढायला ती वापरतात. वेग कमी, पण २५६ नमुन्यांना आजच्या कुठल्याही संगणकावर ते जाणवणार नाही.

वेगाचं निघालंच आहे तर सांगतो. २५६ नमुन्यांचा फूरिये सरळ व्याख्येनं काढला तर ६५,५३६ गुणाकार लागतात. कूली आणि टुकी यांच्या १९६५ च्या रीतीनं १,०२४ मध्ये काम होतं. हीच युक्ती गाऊस यांनी १८०५ च्या सुमारास लघुग्रहांच्या कक्षा काढताना वापरली होती, पण ती त्यांच्या कागदपत्रांतच राहिली. मुलांना हे आवर्जून सांगा. ब्राउझरमध्ये हा हिशेब जागेवर होतो तो संगणक वेगवान आहेत म्हणून जितका, तितकाच या रीतीमुळे.

खामल्याचा_इंजिनिअर

सर, मी पण असंच करून राहिलो, पण एचसी-एसआर०४ या आवाजाच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणाऱ्या सेन्सरवर. सीलिंग फॅनच्या पात्यांखाली ठेवला, सेकंदाला १६ वाचनं. २ हर्ट्झचं एकदम झक्कास टोक येऊन राहिलं. पण पंखा त्याच्याहून कितीतरी जोरात फिरतो ना! वेळेचे शिक्के बोर्डावरूनच घेतो, दर पण मोजला, बरोबर १६ आहे. मग हे २ कुठून आलं?

हिंगणा_मेंटेनन्स

भाऊ, हे एलियासिंग, म्हणजे नमुने कमी पडले की जलद वारंवारता मंद असल्यासारखी दिसते ते. पंखा मिनिटाला ३६० फेरे घेत असेल तर सेकंदाला ६. तीन पाती, म्हणजे सेन्सरसमोरून सेकंदाला १८ पाती जातात. तू १६ वेळा पाहतोस, तर ८ हर्ट्झच्या वरचं काहीही तुला खरं दिसणार नाही. १८ मधून १६ गेले की उरले २, तेच टोक. पण नुसतं टोक पाहून १८ आहे असंही म्हणता येत नाही. १४ चं पण २ च दिसतं, ३० चं पण, ३४ चं पण.

ओळखायची रीत सांगतो, कारखान्यातही हीच चालते. सॅम्पलिंगचा दर थोडा बदल. १६ चे १५ कर. टोक २ वरच राहिलं तर ते खरं. ३ वर सरकलं तर मूळ १८. १ वर आलं तर मूळ १४. आणि नंतर सॉफ्टवेअरमध्ये फिल्टर लावून हे जाईल असं समजू नको. नमुना घेतला त्या क्षणी १८ आणि २ एकच होऊन बसले, पुढे त्यांना कोणी वेगळं करू शकत नाही.

त्या सेन्सरला दर वाढवूही नको. दोन वाचनांत ६० मिलिसेकंद सोडायला सांगतात ते आधीच्या आवाजाचे पडसाद विरावेत म्हणून. घाई केली की मागच्या हाकेचा प्रतिध्वनी पुढच्या वाचनात मोजला जातो.

खामल्याचा_इंजिनिअर

१५ वर केलं. टोक ३ वर सरकलं!! म्हणजे १८. लय भारी वाटलं.

मग मी कूलरसाठी काय घेऊ? होळीनंतर कूलर निघतीलच. आमच्या घरचा खिडकीत बसवला की ग्रिलसकट थरथरतो. मोटर की पातं, काय बिघडलंय ते याच पानावर काढायचं होतं. टीएफ-लुना हा दुसरा अंतराचा सेन्सर घेऊ का, त्याला २५० हर्ट्झपर्यंत दर मिळतो म्हणे.

हिंगणा_मेंटेनन्स

दर मिळतो, पण बारकावा मिळत नाही. टीएफ-लुनाचं वाचन सेंटिमीटरच्या पायरीनं येतं. तुझ्या कूलरची बॉडी किती हलते ते आधी काढ.

कूलरच्या मोटरवर १४०० आरपीएम लिहिलेलं असतं, म्हणजे चार पोलची मोटर. ५० हर्ट्झच्या विजेवर तिचा सिंक्रोनस वेग १५००, स्लिप (भाराखाली मोटर थोडी मागे पडते ती) जाऊन १४०० च्या आसपास. सेकंदाला २३.३ फेरे. आता बॉडीचं त्वरण ०.१ जी (गुरुत्वीय त्वरणाचा दहावा भाग) धर, हाताला स्वच्छ जाणवणारी थरथर. विस्थापन म्हणजे त्वरण भागिले कोनीय वारंवारतेचा वर्ग. हिशेब केलास तर ०.०५ मिलिमीटरही भरत नाही. मिलिमीटरच्या पायरीनं मोजणारा लेझर सेन्सर तिथे आंधळाच. तेच ०.१ जी १ हर्ट्झला असतं तर विस्थापन जवळपास २५ मिलिमीटर झालं असतं, जे सरांचा सेन्सर झोपेत मोजेल.

तर मंद आणि मोठ्या हालचालीला अंतराचा सेन्सर, जलद आणि बारीक कंपनाला त्वरण मोजणारा ॲक्सेलरोमीटर. कूलरला एमपीयू६०५० हा ॲक्सेलरोमीटर चिकटव, त्याचं त्वरण १ किलोहर्ट्झनं वाचता येतं. पान तेच राहील, फक्त उभ्या अक्षावर मिलिमीटरऐवजी जी. २३ हर्ट्झच्या जागी उंच टोक असेल तर पात्यांचा तोल गेलाय. एका पात्यावर क्षार चढले तरी तोल जातो, आधी पाती खरवडून धू. वाकलेला शाफ्ट किंवा बसवणीतला तिरकेपणा असेल तर दुपटीच्या जागी, ४७ च्या आसपासही टोक येतं. आणि १०० हर्ट्झचं टोक दिसलं तर ते मोटरच्या विजेचं, यांत्रिक बिघाडाचं नाही. पंखा बंद करताक्षणी जे नाहीसं होतं ते विजेचं, जे फेऱ्यांबरोबर हळूहळू खाली उतरतं ते यांत्रिक.

मृगजळ

वाचतेय, फारच छान चर्चा. माझ्याकडे शार्पचा जीपी२वाय०ए२१ हा अंतराचा इन्फ्रारेड सेन्सर पडून आहे, १० ते ८० सेंटिमीटरचा. ॲनालॉग आउटपुट आहे, म्हणजे आर्डुइनोच्या ए-टू-डीनं हजार हर्ट्झनं वाचता येईल ना? मग एलियासिंगची भानगडच नको.

जुना_डीएसपी

वाचता येईल, पण त्याचा उपयोग नाही. त्या सेन्सरच्या आत मोजणी साधारण ३८ मिलिसेकंदांनी एकदा होते आणि तोवर तो जुनाच व्होल्टेज धरून ठेवतो. तुम्हाला सेकंदाला हजार आकडे मिळतील, पण त्यांत नवी माहिती पंचवीस-सव्वीसच. आलेख जवळून पाहिलात तर पायऱ्या दिसतील, आणि त्या पायऱ्यांच्या कडा वर्णपटात (एफएफटीच्या आलेखात) २६ हर्ट्झच्या आसपास नसलेली टोकं उभी करतील. एलियासिंग आत होऊन गेलेलं असतं.

दुसरी गोष्ट जास्त गमतीची आहे. त्याचा व्होल्टेज अंतराच्या जवळपास व्यस्त प्रमाणात असतो. वजन अगदी शुद्ध साइन लहरीत हललं तरी व्होल्टेजची लहर एका बाजूला टोकदार आणि दुसऱ्या बाजूला पसरट होते, आणि वर्णपटात दुपटीच्या जागी दुसरं टोक उगवतं. स्प्रिंगमध्ये ते नसतं, सेन्सरच्या वक्रात असतं. आधी व्होल्टेजचं अंतरात रूपांतर करा, मग एफएफटी. हा क्रम उलटा चालत नाही.

याउलट एचसी-एसआर०४ ची तापमानाची चूक वारंवारतेला बाधत नाही. ध्वनीचा वेग २० अंशांना सेकंदाला ३४३ मीटर, तर नागपूरच्या मे महिन्यातल्या ४५ अंशांना सुमारे ३५८. भरपाई न करता मोजलं तर एक मीटरवर चार सेंटिमीटरच्या आसपास चूक. पण ती सगळ्या वाचनांना एकाच गुणकानं लागते, म्हणून टोकाची उंची बदलते, जागा बदलत नाही.

मृगजळ

धन्यवाद सर. रूपांतर आधी केल्यावर दुपटीचं टोक जवळपास दिसेनासं झालं.

ब्राउझरच्या वेब ऑडिओ या आवाजाच्या सोयीत ॲनालायझरनोड तयारच असतो, त्यात एफएफटी आहेच. मग सगळे स्वतःची का लिहिताय?

वेबवाली_धंतोली

मीही पहिल्यांदा तिकडेच वळले होते. तो आवाजासाठी बनवलाय. ऑडिओकॉन्टेक्स्टला सेकंदाला हजारोंनी नमुने लागतात, आपल्याकडे ४३. ब्लॅकमन विंडो आतच ठोकलेली, ती बदलता येत नाही. उत्तर डेसिबलमध्ये, आणि स्मूदिंग न सांगता ०.८ वर लावलेलं. मुलांना मिलिमीटर दाखवायचे असतील तर स्वतःची रॅडिक्स-२ (एफएफटीची सगळ्यात साधी रीत) लिहा, चाळीसेक ओळींत होते. हॅन विंडो अर्धी उंची खाते, म्हणून शेवटी दोननं गुणायला विसरू नका, नाहीतर पट्टीनं मोजलेलं ३० मिलिमीटरचं दोलन पानावर १५ दिसेल.

ब्राउझरच्या बाजूचं आणखी थोडं, कारण इथेच लोक अडकतात. वेब सिरियल क्रोम ८९ पासून, म्हणजे २०२१ पासून, डेस्कटॉपच्या क्रोम आणि एजमध्ये आहे, सफारीत नाही. पान एचटीटीपीएसवर किंवा लोकलहोस्टवर हवं, आणि पोर्ट निवडायची खिडकी बटण दाबल्याशिवाय उघडत नाही, पान उघडताच आपोआप जोडणं पहिल्या वेळी शक्य नाही. शाळेत नेट नसेल तर सर्व्हिस वर्कर (पान ब्राउझरमध्ये साठवून ठेवणारी स्क्रिप्ट) लावा. एकदा पान उघडलं की पुढे नेटविना चालतं. पोर्ट उघडताच नॅनो रिसेट होतो, पहिल्या दोन सेकंदांचा कचरा फेकून द्या.

पोर्टवरून वाचणाऱ्या रीड() मधून येतो तो तुकडा, ओळ नव्हे. "८१६६८४४,२" इथे तुटून पुढच्या तुकड्यात "५२" येऊ शकतं. उरलेलं शेपूट जपून पुढच्याला जोडलं नाही तर मध्येच अंतर २ मिलिमीटर होतं. एका नमुन्याचा असा खड्डा वर्णपटात सगळ्या वारंवारतांवर पसरतो, आणि माणूस तासभर सेन्सरला दोष देत बसतो.

चित्र काढणं आणि माहिती घेणं वेगळं ठेवा. माहिती आली की रिंग बफरमध्ये (जुन्यावर नवं लिहिणाऱ्या साठ्यात), चित्र रिक्वेस्ट-ॲनिमेशन-फ्रेमवर, म्हणजे ब्राउझर पडदा रंगवेल तेव्हा. टॅब मागे गेला की चित्र थांबतं, ते थांबू द्या. माहिती घेण्याचं काम वर्करमध्ये (पानामागे वेगळी चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये) टाकलंत तर ते चालू राहतं. परवानगी मुख्य पानावर घ्यायची आणि पोर्ट वर्करमध्ये उघडायचा.

मायक्रोज() चा आकडा साधारण ७१ मिनिटांनी शून्यावर येतो. प्रदर्शन दिवसभर चालणार आहे, तेव्हा तेवढं सांभाळा.

भौतिकवाला_नागपूर

वर्करचं आणि शेपटाचं दोन्ही करून घेतलं. स्प्रिंगचं पान आता स्टॉपवॉचशी जुळतं. पायथाही आवळला गेलाय.

स्प्रिंग झाल्यावर मुलांना पाण्याची ओढ लागली. कूलर अजून माळ्यावर आहेत, एकाची टाकी खाली काढली. आत ६० सेंटिमीटर लांब, त्यात १२ सेंटिमीटर पाणी. टाकीला एकदा हलकेच ढकललं की पाणी या टोकाकडून त्या टोकाकडे हेलकावे खातं. त्याचं सूत्र पाठ्यपुस्तकात नाही, पण बारावीच्या मुलाला झेपतं: कोनीय वारंवारतेचा वर्ग म्हणजे गुरुत्वीय त्वरण जी गुणिले पाय (π) भागिले लांबी, गुणिले टॅन-एच (π गुणिले खोली भागिले लांबी). नागपूरसाठी जी ९.७८६ धरला तर उत्तर ०.८५ हर्ट्झ.

लेझर सेन्सर इथे चालला नाही, प्रकाश स्वच्छ पाण्यात शिरतो आणि वाचनं भरकटतात. एचसी-एसआर०४ नं पाण्याचा पृष्ठभाग छान पकडला. पहिल्यांदा एका मुलीनं सेन्सर टाकीच्या बरोबर मध्यावर धरला तर ०.८५ ला जवळजवळ काहीच नाही, उलट दीडच्या आसपास छोटं टोक. तिनंच ओळखलं: पाणी दोन्ही टोकांना चढतं-उतरतं, मध्यावर पातळी जागची हलत नाही, तिथे निस्पंद बिंदू आहे. मध्यावर दिसलं ते दुसरं स्वरूप, ज्याचं सूत्राप्रमाणे उत्तर १.४९ येतं. सेन्सर कडेला, भिंतीपासून सहा-सात सेंटिमीटरवर नेला आणि ०.८५ चं टोक उभं राहिलं. पाणी निम्मं केल्यावर ते ०.६३ कडे सरकलं, सूत्राप्रमाणेच. त्या वेळी वर्गात जो आरडाओरडा झाला, तो ऐकून शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले.

आता एकच प्रश्न. ०.८५ आणि ०.६३ वेगळे ओळखायला २५६ नमुने पुरले, पण पाण्याची खोली एकेक सेंटिमीटरनं बदलली तर टोक सरकतं की नाही ते स्पष्ट कळत नाही. नमुन्यांच्या शेवटी शून्य जोडून १०२४ केले, तरी फरक पडला नाही.

जुना_डीएसपी

त्या मुलीला माझी शाबासकी कळवा.

शून्य जोडल्यानं वक्र गुळगुळीत दिसतो, माहिती वाढत नाही. दोन जवळची टोकं वेगळी करण्याची ताकद फक्त किती सेकंद ऐकलं यावर ठरते. १६ हर्ट्झनं २५६ नमुने म्हणजे १६ सेकंद, एकेक खाना ०.०६ हर्ट्झचा, आणि हॅन विंडोनं टोकाचा पाया चार खान्यांचा होतो. ३२ किंवा ६४ सेकंद घ्या. अडचण एवढीच की हेलकावे तोवर विरत जातात आणि विरणारी लहर मुळातच रुंद टोक देते. त्यामुळे एका मर्यादेपुढे वाट पाहून लाभ नाही.

तुमच्या प्रयोगात मात्र एका वेळी एकच टोक आहे. एकट्या टोकाची जागा खान्याच्या दहाव्या भागापर्यंत काढता येते, तुमचा पॅराबोला तेच करतो. विंडो लावल्यावर वर्णपटाचे लघुगणक घेऊन त्यांवर पॅराबोला बसवा, जागा आणखी नेमकी येईल. सूत्रानं ११ आणि १२ सेंटिमीटरचे आकडे काढून ठेवा, फरक ०.०३ च्या आसपास आहे. तो तुम्हाला दिसायला हवा.

खामल्याचा_इंजिनिअर

सर, प्रदर्शनात लोकांच्या मोबाइलवर पण दिसेल का? लाइन लागेल ना लॅपटॉपपाशी.

वेबवाली_धंतोली

दिसेल. नॅनोच्या जागी ईएसपी३२ हा वाय-फायचा बोर्ड लाव आणि वेबसॉकेटनं (पानाशी सतत जोडलेल्या दुव्यानं) पाठव. फक्त पान एचटीटीपीएसवर ठेवू नकोस, सुरक्षित पानातून साधं वेबसॉकेट उघडायला ब्राउझर नकार देतो. पान ईएसपी३२ वरूनच साध्या एचटीटीपीनं दे, मग अडचण नाही. वाय-फायवर माहिती आणखी उशिरा आणि आणखी गठ्ठ्यानं येईल, पण शिक्के बोर्डावरचे असल्यानं वर्णपटाला धक्का लागणार नाही. नमुने दहा-दहाच्या पुडक्यात पाठव, आणि एका वेळी चार-पाच मोबाइलांवर भागव. आठवड्याच्या शेवटी मी नागपुरात आहे, ईएसपी३२ घेऊन सरांच्या प्रयोगशाळेत येते.

भौतिकवाला_नागपूर

या नक्की, दोघंही या. लघुगणकाचा पॅराबोला बसवलाय: १२ सेंटिमीटरला ०.८५, ११ ला ०.८२, लागोपाठ ढकलून पाहिलं तरी क्रम बदलत नाही. पानावर कच्ची वेळ आणि अंतर सीएसव्हीत उतरवून घ्यायचं बटणही टाकलंय, ज्याला एफएफटी स्वतःच्या हातानं करून पाहायची आहे त्याला फाइल देतो.